बंद घरातलं गाठोडं

किल्ली कुलपात होती आणि सारजाबाईचा हात किल्लीवर. मी सायकल अंगणात तशीच आडवी टाकली आणि ओरडलो, "बाई, किल्ली फिरवू नका!"

तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हणाली, "साहेब, तुमी पाठमोरे व्हा. तुमी पाह्यलं नाई, मी गेली नाई. झालं."

"मी पाहिलंय."

"पाह्यलं तं पाह्यलं. पोरगी तिकडे कळा देऊन राह्यली. मले वाद घालाले येळ नाई."

गाव केनवड. संक्रांत नुकतीच होऊन गेलेली. दुपार टळत आली होती आणि त्या अख्ख्या गल्लीत आम्हा दोघांशिवाय माणूस नव्हतं. कुत्रीसुद्धा माणसांमागोमाग शेतात गेली होती. गावात प्लेग होता. सारजाबाई ज्या दाराशी उभी होती त्या दाराच्या आत उंदीर मरून पडले होते, हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं आणि तरी तिला आत जायचं होतं.

ती आत का जात होती हे सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

मी सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो. हुद्दा मोठा, काम उंदरांचं. पहिलं महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. आमच्या वऱ्हाडात तेव्हा प्लेग दर एक-दोन हिवाळ्यांनी पाहुण्यासारखा यायचा. माझा मुक्काम रिसोडला, आसपासची खेडी माझ्याकडे. वरचे साहेब वाशीमला. त्यांना आम्ही मोठे डॉक्टर म्हणायचो. लोक मला पिलेगसाहेब म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटायचं नाही.

प्लेगचं गणित आता कुणाला सांगावं लागत नाही, कारण आता प्लेगच राहिला नाही. तेव्हा ते रोज सांगावं लागे. हा रोग आधी उंदराचा. उंदराच्या अंगावर पिसवा असतात. उंदीर मेला, गार पडला, की त्या पिसवा उपाशी होतात आणि दुसरं गरम अंग शोधतात. ते अंग आपलं. म्हणून घरात उंदीर मरून पडू लागले की समजायचं, पाळी आता माणसाची. यालाच 'उंदीर पडले' म्हणत. हे दोन शब्द ऐकले की बाया हातातला घास टाकून उठायच्या.

उंदीर पडले की एकच खरा उपाय होता. गाव सोडायचं. आमच्या कागदावर त्याला इव्हॅक्युएशन म्हणत. लोक म्हणत, गाव बाहेर पडलं. घरांना कुलपं लावून सगळ्यांनी शेतात झोपड्या घालून राहायचं, ऊन तापेपर्यंत. घरातून निघताना मात्र काही उचलायचं नाही. गोधडी, पोतं, कपडा, काही नाही, कारण पिसू त्यातूनच सोबत येते. आणि एकदा घर रिकामं झालं की परत आत पाऊल टाकायचं नाही. रिकाम्या घरात पिसवा उपाशीच असतात. पहिला जो आत जाईल त्याच्यावर सगळ्यांची धाड.

आता घरातून काही उचलायचंच नाही तर माणसं शेतात जगणार कशावर? त्याची तयारी आधी करावी लागे. दसरा झाला की मी गावोगाव सायकल हाणत एकच पाठ म्हणत सुटायचो. प्लेग येवो न येवो, प्रत्येक घरानं शेतात झोपडीचे बांबू आणि तुराट्या रचून ठेवाव्या. कपड्यांचा एकेक जास्तीचा जोड चांगला उन्हात टाकून नव्या मडक्यात बांधून ठेवावा. धान्य, मीठ, काडेपेटी, कंदील, दोर, सगळं शेतातच. लोक हसायचे. म्हणायचे, साहेबाची दुसरी दिवाळी आली.

त्यांत सगळ्यांत जास्त चेष्टा करायचा तो कोंडाजी माळी. सारजाबाईचा नवरा. गावाबाहेर नाल्याच्या काठी त्याची विहीर आणि बगिचा. वांगी, मिरच्या, कांदा, सांबार म्हणजे कोथिंबीर. केनवडच्या बाजारात त्याच्या वांग्यांवर उड्या पडत. मला बघितलं की मोटेवरूनच ओरडायचा, "साहेब, तेरवीची तयारी बी आत्ताच करून ठेवू का? म्हंजे मंग घाई नाई!"

पण चेष्टा करणारा हाच माणूस सगळ्यांत आधी तयार असायचा. त्या वर्षी त्याची झोपडी दिवाळीच्या आत उभी होती. मडकी भरलेली, कंदील पुसलेला, विहीर हाताशी. मी मोठ्या डॉक्टरांना दाखवायला मुद्दाम तिथंच नेत असे.

मार्गशीर्षात उंदीर पडले. केनवड एका दिवसात बाहेर पडलं. एवढं नीट बाहेर पडलेलं गाव मी आधी पाहिलं नव्हतं. मला स्वतःचा अभिमान वाटला.

फक्त एक गोष्ट कोणाच्या हिशेबात नव्हती. कोंडाजीची मुलगी यमुना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पोट पुढं घेऊन, एका हातानं कंबर धरून ती बांधावरून झोपडीकडे चालत गेली ते मला अजून दिसतं. तिच्यामागं सारजाबाई, कोणी बोललं तर भांडायच्या तयारीत.

मोठे डॉक्टर कँप बघायला आले. झोपड्यांची रांग बघून खूश झाले. मग यमुनावर नजर गेली.

"ही बाई इथं कशी?"

"पहिलं बाळंतपण, सर. माहेरी आलीय."

"सासरी पाठवा."

"सासर मानोऱ्याकडं. तिथल्या लोकांनी वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकल्यात. केनवडचं माणूस घेत नाहीत."

"मग वाशीमच्या दवाखान्यात."

"प्लेगच्या गावची बाई दवाखान्यात घ्यायची नाही असा सर्क्युलर आहे, सर."

"कोणाचा?"

"आपलाच."

ते नाल्याकडे वळले. मग म्हणाले, "बघा तुम्ही काय ते. पण एक लक्षात ठेवा. गाव रिकामं राहिलं पाहिजे. एक माणूस परत गेला की त्याच्यामागं दुसरा जातो. मग सगळं गाव परत."

साहेबांशी माझं फारसं पटायचं नाही. पण हे ते खरं बोलले होते. ते मी आधी दुसऱ्या एका गावात भोगलं होतं. तिथं एकजण कोंबडी आणायला म्हणून परत गेला. आठवड्याभरात निम्म्या गल्लीत चुली पेटल्या आणि त्यानंतर तिथं जे झालं ते मला इथं लिहायचं नाही.

सारजाबाईचा पहिला हट्ट वाऱ्याचा होता. बाळंतिणीला वारा लागता कामा नये. घरी तिच्यासाठी आतली अंधारी खोली ठरलेली होती. झोपडीत चारी बाजूंनी वारा. "वारा भरला तं बाळंतीन हातची जाते, साहेब. तुमचा पिलेग परवडला."

मी वाद घातला नाही. वाद घालून कोणतीही बाई माझ्या नोकरीत माझं ऐकल्याचं मला आठवत नाही. कोंडाजीला म्हणालो, आतली खोली इथंच बांधू. मग तुराट्यांचे दुहेरी कूड उभे केले, शेण-मातीनं आतून-बाहेरून लिंपले. तरी फटी राहिल्या. त्या बुजवायला नाल्यापलीकडून कापूस आला.

नाल्यापलीकडे गावातल्या मुसलमान वस्तीच्या झोपड्या होत्या. त्यात पिंजाऱ्यांचं एक घर. घरातली कर्ती म्हणजे अम्मा. गावात तिला सगळे अम्माच म्हणत. वय तिचं तिलाच माहीत नव्हतं. दात नव्हते, कान तिखट होते आणि मुलं-नातवंडं मोजायला बसलं की ती मध्येच हसायला लागायची. जुन्या गाद्या पिंजायला मी बंदी घातली होती, कारण जुनी गादी म्हणजे पिसवांची धर्मशाळा. त्यामुळे त्यांचा धंदा बसला होता. तरी अम्मानं आपल्या पोरांकरवी सरकीतून काढलेला नवा कोरा कापूस पाठवला आणि तो पोरांनी फटींत ठासून भरला. आणखी एक नवी गादी भरून दिली. लस टोचून घेताना सारं गाव पळायचं, ही मात्र दंड पुढं करून म्हणाली होती, "साहब, बुड्ढी हूं म्हनून कमी नको टोचू."

खोली झाली. आत शिरलं की कानात दडा बसल्यासारखं वाटे. सारजाबाईनं हातात पेटता दिवा घेऊन चारी कोपरे फिरून पाहिलं. ज्योत हलली नाही. तेव्हा कुठं तिनं मान डोलावली.

मला वाटलं, सुटलो.

संक्रांतीनंतरच्या त्या दिवशी मी रिसोडच्या दवाखान्यातून मांजरपाटाचं नवं कापड मागून आणलं होतं. बाळाला गुंडाळायला स्वच्छ कापड हवं, एवढं मला कळत होतं. सायकलला ते बांधून मी कँपात पोचलो तर यमुनाला कळा सुरू झालेल्या. कोंडाजी मोटेजवळ बसून होता. बैल सोडलेले. मी कापड सुईणीच्या हातात दिलं. तिनं ते बोटानं चाचपलं आणि मला परत दिलं.

"हे कोरं हाय, साहेब. जुनेर कुठी हाय?"

जुनेर म्हणजे जुनं, वापरून वापरून मऊ झालेलं लुगडं किंवा धोतर. आमच्याकडे जन्मलेल्या लेकराला पहिल्यांदा जुनेरातच घेतात. नवं कापड बारशापर्यंत अंगाला लावत नाहीत. मऊपणाचा भाग आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की ते जुनेर आयुष्य पाहिलेल्या माणसाचं असावं लागतं. म्हणजे मग लेकराला तेवढं आयुष्य मिळतं. नवं कापड घातलं तर लेकराला दृष्ट लागते, ते राहत नाही. माझ्या घरीही हेच होतं. माझ्या मुलांना माझ्या आईच्या लुगड्यात घेतलं होतं.

मी कोंडाजीला विचारलं, "सारजाबाई कुठं?"

तो मोटेचा दोर गुंडाळत राहिला.

"कोंडाजी, कुठं गेली?"

"मी नाई म्हनलं होतं तिले," तो म्हणाला. "ऐकते का ते?"

मी सायकलवर टांग टाकली. गावाच्या तोंडाशी कोतवाल पहाऱ्याला बसवला होता. त्यानं मला बघितलं आणि पागोटं सारखं करत दुसरीकडे तोंड फिरवलं. म्हणजे तिला त्यानंच सोडलं होतं. त्याच्याशी बोलायला मी थांबलो नाही. आणि मग मी तिच्या अंगणात सायकल टाकली, ते सुरुवातीला सांगितलंच.

"आत काय आहे?" मी विचारलं.

"जुनेर. कनगीवरच्या डाल्यात गाठोडं हाय. हात घालते अन् येते. कोंबडं आरवाले लागते तेवढा येळ."

"बाई, तेवढा वेळ पुरतो. पिसूला तेवढाही लागत नाही. आणि तुमच्या अंगावर आलेली पिसू तुम्ही त्या खोलीत घेऊन जाणार. यमुनापाशी."

"मंग मी काय करू?" ती आता वळली. तिचा चेहरा रागानं लाल झालेला होता, पण डोळे भरले होते. "तुमाले काय ठाव, साहेब? माहा पयला पोरगा असाच झाला होता. दीर नवं झबलं घेऊन आला अमरावतीहून. रेसमाचं. मी म्हनलं घाला, कायले नाई म्हना. चवथ्या रोजी गेला. मंग एक पोरगी, ते बी गेली. मंग यमुनाच्या येळी सासूनं आपलं लुगडं फाडलं. म्हनली, मी म्हातारी झाली, माहं आयुष्य घे. यमुना राह्यली. एकटी यमुना राह्यली. ते लुगडं हाय त्या गाठोड्यात. अन् आता तुमी मले सांगता का हे कोरं मांजरपाट गुंडाळ!"

 रेशमी झबल्यानं कुणी मरत नाही, हे सांगायची ती जागा नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला ते तितकंसं पक्कं वाटतही नव्हतं.

तिनं पुन्हा किल्लीला हात घातला. मी तिचा हात धरला नाही. परक्या बाईचा हात धरायचा तो काळ नव्हता. तिनं किल्ली फिरवली असती तर मी काय केलं असतं, याचं उत्तर मला आजही देता येत नाही.

मी एवढंच विचारलं, "जुनेर घरच्याच माणसाचं लागतं का?"

"काय?"

"तुमच्या सासूबाईंचंच पाहिजे, असं काही आहे का?"

ती थांबली. माळ्याच्या बाईला रीत विचारली की ती सांगणारच, घर जळत असलं तरी. "घरचंच पाह्यजे असं नाई जी. ज्याची उमर लंबी झाली त्याचं पाह्यजे. ज्याचे लेकरं जित्ते हायेत त्याचं."

"सगळी जिवंत?"

"सगळी असन तं सोन्याहून पिवळं. पन असं कोन हाय गावात? एक ना एक तं सगळ्याईचं गेलं."

"अम्माचं?"

 आत कुठं तरी उंदरानं लाकूड कुरतडल्यासारखा आवाज झाला, की मला तसं वाटलं, कोण जाणे.

"अम्माचं एकबी गेलं नाई," ती हळू म्हणाली. जणू ही गोष्ट तिला आत्ताच कळत होती. "देवीच्या साथीत नाई गेलं. पटकीत नाई गेलं."

"मग?"

"ते देईन?"

"मागून बघू."

"मागाले मी जाईन," ती एकदम म्हणाली. "तुमी मधात बोलू नका. जुनेर बाईनंच बाईले मागा लागते." तिनं किल्ली कुलपातून काढली आणि माझ्यासमोर धरली. "हे तुमच्यापाशी ठेवा. माह्यापाशी राह्यली तं मी पुन्ना येईन."

ती पुढं पळत होती आणि मी सायकल हातानं ढकलत मागं. बसायचं मला सुचलंच नाही. तिच्या वयाची बाई नांगरलेल्या रानातून अशी पळताना मी पुन्हा पाहिली नाही.

अम्मा झोपडीपुढं तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. सारजाबाईनं दम घेतला नाही, पदर पुढं पसरला.

"अम्मा, जुनेर दे. यमुनाचं लेकरू येऊन राह्यलं."

अम्माच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मेरा? मुझे मांगती तू?"

"तुले नाई तं कोनाले मागू व माय? तुह्यावानी भाग्याची कोन हाय गावात?"

म्हातारी उठली. गुडघ्यावर हात ठेवून उठली, आत गेली आणि बराच वेळ आली नाही. मला धाकधूक झाली. बाहेर पडलेल्या गावात प्रत्येकाजवळ दोनच जोड होते, आणि हा नियम माझाच होता. ती बाहेर आली तेव्हा डोक्यावर मुलाचा पंचा घेतलेला होता आणि हातात तिची ओढणी. नेहमीची, डोक्यावरची. कधी काळी हिरवी असेल. धुऊन धुऊन तिला रंग राहिला नव्हता, इतकी पातळ झाली होती की बोटं आरपार दिसत.

"ले बेटी. इसमे मेरे लेकरं बी झोपले, लेकरांचे लेकरं बी." मग ती ओढणी माझ्यापुढं धरून म्हणाली, "देख ले साहब, पिसू है क्या? रोज ऊन में डालती हूं. तूने बताया वैसेच."

मी बघितलं. बघण्याचं नाटक केलं. माझ्या डोळ्यांना तेव्हा काही नीट दिसत नव्हतं.

सारजाबाईनं ओढणी कपाळाला लावली आणि नाल्यात शिरली. पाणी घोटाभर होतं. लुगडं वर धरायची शुद्ध तिला राहिली नव्हती.

दिवस मावळताना मुलगी झाली. मी बाहेर कोंडाजीबरोबर विहिरीच्या धावेवर बसलो होतो. आतून आधी काहीच ऐकू येईना. एवढे घट्ट कूड आपण का लिंपले, असं मला वाटून गेलं. मग दार बाजूला सरलं आणि सारजाबाई बाहेर आली.

"पोरगी झाली," ती म्हणाली. "लय जोरात रडून राह्यली. दोघी बेस हायेत." आणि नवऱ्याकडे बघून, "बसले काय असे? अम्माले सांगा जाऊन. तिले पयले सांगा लागते."

कोंडाजी उठला तो रडतच उठला. मलाही रडू आलं, हे लिहायला या वयात लाज वाटायचं कारण नाही.

त्यानंतरचे कँपातले दिवस मला नोकरीतले सगळ्यांत चांगले दिवस वाटतात. प्लेगच्या कामाबद्दल असं म्हणू नये. पण गाव रिकामं राहिलं आणि शेतातलं एकही माणूस दगावलं नाही. सकाळी नाल्याच्या दोन्ही काठांनी धूर निघायचा. जाती फार थोडी होती, म्हणून बाया पाळीपाळीनं एकाच जात्यावर दळायच्या आणि बाकीच्या गाणं म्हणायला बसायच्या. मास्तर बोरीच्या झाडाखाली शाळा भरवायचे आणि पोरं फळ्यापेक्षा बोरांकडे बघायची. हुरड्याचे दिवस होते. बाजार बंद, त्यामुळे कोंडाजीची वांगी सगळ्या कँपाला फुकट. मीही खाल्ली. तशी वांगी नंतर कुठं खायला मिळाली नाहीत. कदाचित वांगी तीच असतील, भूक तेव्हाची होती.

माझं मांजरपाट वाया गेलं नाही. बारशाला त्याचं झबलं शिवलं. अम्माला मानानं बोलावलं, नवं लुगडं दिलं. तिनं ते ओढणीसारखं डोक्यावरून घेतलं आणि बायांमध्ये हशा पिकला.

होळीच्या सुमारास ऊन कडक झालं आणि गावाची साफसफाई सुरू केली. तिची रीत अशी की माणसं आत घालायची नाहीत, ऊन आत घालायचं. वरून कवेलू, म्हणजे कौलं, उतरवायचे. छप्पर उघडं पडलं की चांगले आठ-दहा दिवस तसंच राहू द्यायचं. प्लेगच्या पिसूला उन्हासारखं औषध नाही. मग पायांना रॉकेल चोळून आमची माणसं आत जात, मेलेले उंदीर बाहेर काढून जाळत, भिंतींना चुना देत.

कोंडाजीच्या घराच्या दिवशी सारजाबाई अंगणात येऊन उभी राहिली. मी म्हणालो, लांब उभ्या राहा. ती लांब उभी राहिली, पण गेली नाही. तिला तिचं गाठोडं हवं होतं. उन्हात टाकीन, उकळीन, म्हणत होती. सासूची निशाणी होती ती.

माणसानं लांब बांबूनं कणगीवरचं डालं ओढलं. ते अंगणात येऊन पडलं. गाठोडं बाहेर घरंगळलं. बांबूच्या टोकानं त्यानं गाठ सैल केली.

लुगड्याच्या मधोमध घडी कुरतडून घर केलेलं होतं. आत उंदरी मेलेली, वाळून काडी झालेली. तिच्या पोटाशी तिची पिल्लं. बोटाएवढी.

 सारजाबाई जिथं होती तिथंच खाली बसली.  मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी हे माह्या हातानं लेकराले गुंडाळलं असतं, साहेब."

मी माणसाला बांबू मागं घ्यायला सांगितलं.

"यमुनाले सांगू नका," ती म्हणाली. "तिची आजीच होती ते लुगडं."

मी माणसाच्या हातातून रॉकेलचा डबा घेतला. सारजाबाई उठली, तो माझ्या हातून तिनं घेतला आणि लांबूनच त्या गाठोड्यावर ओतला. काडी मी लावली. जळेपर्यंत ती हात जोडून उभी होती.

पुढच्या दसऱ्यापासून मी एक गोष्ट बदलली. झोपडीच्या तयारीचं सांगायला गेलो की आधी विचारायचो, यंदा कोणी बाळंत होणार आहे का. असेल तर उन्हात टाकलेलं जुनेर शेतातल्या मडक्यात आत्ताच ठेवा. मोठ्या डॉक्टरांनी ऐकल्यावर ते म्हणाले, याचा प्लेगशी काय संबंध? मी म्हणालो, काही नाही सर. त्यांनी पुढं विचारलं नाही आणि मी सांगायचं सोडलं नाही.

वीस-बावीस वर्षं मी लोकांना घरातून बाहेर काढायचं काम केलं. त्यातून शिकलो ते एवढंच. घर सोडून कोण जाणार हे आपण विचारतो. त्या घरात यायला कोण निघालंय, हेही विचारावं. बायांना ते विचारावं लागत नाही, त्यांना माहीत असतं. फक्त त्या आपणहून सांगत नाहीत, कारण आपण त्यांना उंदरांचंच विचारलेलं असतं.